एकनिष्ठांचं राज्य

त्या राज्यात सगळे बगळे एका पायावर उभे राहत, आणि एकच पाय असणं तेवढं अशुभ मानत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पाय असून पोटाशी घेतला तर ते ध्यान, आणि पोटाशी घ्यायला पायच नसला तर ती पूर्वजन्मीची करणी, इतका साधा हिशेब होता.

राज्य म्हणजे एक मोठा तलाव, त्याच्याभोवती खोल गाळ आणि काठावर चारशे बगळे. रोज सकाळी उन्हं डोक्यावर येईपर्यंत ध्यान चाले. डावा पाय वर, मान खांद्यांत, डोळे मिटलेले. त्यांतला एक डोळा जरासा किलकिला ठेवायची मुभा असे, कारण एखादा मासा मुक्तीसाठी आपणहून जवळ आला तर त्याला ताटकळत ठेवणं बरं नव्हे. जो सगळ्यांत जास्त वेळ एका पायावर उभा राही, त्याला महाध्यानी म्हणून गादीवर बसवत. सध्याचे महाध्यानी एकदा सलग तीन दिवस तसे उभे राहिले होते, अशी ख्याती होती. ते तिन्ही दिवस दाट धुकं होतं असं काही म्हातारे सांगत, पण म्हाताऱ्यांचं काय, त्यांना काहीही आठवतं.

या चारशेंत एक बगळी होती, तिचं नाव ढवळी. आता जिथे सगळेच पांढरे, तिथे ढवळी म्हणून कोण कुणाला ओळखणार? लंगडी म्हटलं की मात्र लगेच ओळख पटे. लहानपणी तिचा डावा पाय कासवाने ओढून नेला होता. उरलेल्या पायावर ती उड्या मारत फिरे, झाडावर बसे, मासे धरी, भांडण असेल तर भांडे. तिला स्वतःला पायाची आठवण दिवसातून एखाद्या वेळी येई. बाकीच्यांना ती दिवसभर येई.

असलेल्या पायाबद्दल नव्हे, नसलेल्या पायाबद्दल लोकांना फार जिव्हाळा. वाटेत भेटेल तो मान तिरकी करून विचारी, "कसं झालं ग हे?" ढवळी समोरच्याची पात्रता बघून उत्तर देई. एकाला म्हणाली, उसना दिलाय. एकीला म्हणाली, धुऊन वाळत घातलाय. खरं सांगितलं की लोक म्हणत, "मागच्या जन्मी कासवांना छळलं असशील," आणि समाधानाने पुढे जात. उपाय सांगणारेही कमी नव्हते. एका बाईच्या मावशीच्या नणंदेला म्हणे अगदी असंच झालं होतं, आणि सहा महिने कमळाचा देठ बांधल्यावर पुष्कळ फरक पडला.

"पाय उगवला?" ढवळीने विचारलं.

"पाय नाही उगवला. पण मनाला बरं वाटायला लागलं."

"कुणाच्या?" ढवळी म्हणाली. त्यावर बाई रागावल्या. अपंगांचा स्वभाव कडू होतो, हे त्यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं होतं.

ढवळीचा सगळा आधार म्हणजे तिचा ठिय्या. ठिय्या म्हणजे मासे धरायला उभं राहायची जागा. प्रत्येक बगळ्याचा आपापला ठिय्या ठरलेला असे, आणि ढवळीचा, तिच्या आईकडून तिला आलेला, ओढा तलावाला मिळतो त्या तोंडावर होता. सगळे मासे आधी तिथे येत. आता ठिय्यावर जायचं कसं, तर चालत. तलावावरून उडायला बंदी होती, कारण सावली पडली की मासे बुजतात. म्हणून गाळात दगडांची वाट घातलेली होती. ओढ्याच्या तोंडापर्यंत तेवीस दगड होते, एकमेकांच्या अगदी जवळ. त्यांवरून ढवळी टुणटुण उड्या मारत जाई आणि पोटभर खाऊन येई. कुणाची दया नको, माया नको, सगळं व्यवस्थित चाललं होतं. म्हणजे काहीतरी सुधारणा होणार हे उघडच होतं.

दुसऱ्या एका तळ्यावरचे कुणी पाहुणे आले आणि म्हणाले, वाट फार दाटीची दिसते. झालं. सुशोभीकरण निघालं. एकाआड एक दगड उचलला. अकरा दगड गेले, बारा राहिले. उचललेल्या दगडांचा महाध्यानींच्या स्नानासाठी घाट बांधला. वाट खरोखरच देखणी झाली. दोन पायांच्या बगळ्याला एका ढांगेत एक दगड, मोजून मापून. ढवळीच्या एका पायाला ढांगच नव्हती, उडी होती, आणि शेवाळलेल्या दगडावरून ढांगभर लांब उडी घेतली की पुढचा दगड हुकायचा.

पहिल्याच दिवशी ती पोटापर्यंत गाळात रुतली. तिला बाहेर काढलं ते गोदाक्का नावाच्या पाणकोंबडीने. गोदाक्काची बोटं ही एवढी लांब, ती चिखलावरून अंगणातून चालावं तशी चाले.

"डोळे फुटलेत काय ग तुझे?" गोदाक्का तिला ओढता ओढता म्हणाली.

"डोळे शाबूत आहेत. दगड नाहीत."

"मग आण की उचलून. तिकडे घाटावर पडलेत ढीगभर."

पण तेही जमण्यासारखं नव्हतं. राज्यातला प्रत्येक दगड राज्याचा, आणि हुकमाशिवाय दगडाला चोच लावणाऱ्याला राज्याबाहेर घालवत. शिवाय आणखी एक कायदा होता. जो ठिय्या तीन पौर्णिमा ओळीने रिकामा दिसेल, तो जप्त. तिसऱ्या पौर्णिमेला सूर्य बुडायच्या आत महाध्यानींनी स्वतः जाऊन त्यावर उभं राहायचं, की तो त्यांचा झाला. ओढ्याच्या तोंडावरचा तो ठिय्या महाध्यानींना ध्यानात बरीच वर्षं दिसत होता.

ठिय्या गेला तर ढवळीने खायचं काय? काठावर गोगलगायी होत्या, बेडकांची पिल्लं होती. त्यांनी पोट भरत नाही, फक्त थोडा वेळ गप्प बसतं. तेवढ्यावर थंडी निघणार नाही हे तिला कळत होतं, आणि तिला भीती वाटत होती. भीती वाटली की ती जास्तच फटकळ बोले, म्हणून कुणाला ते समजलं नाही.

ती महाध्यानींकडे गेली आणि म्हणाली, "अकरा दगड परत टाका. बाकी काही नको."

महाध्यानी गहिवरले. त्यांना गहिवरायला वेळ लागत नसे. दरबारातले सगळे मग गहिवरले, आणि डोळे पुसून झाल्यावर महाध्यानी म्हणाले, "दगडांचं बघू हो. आधी तुमच्या सन्मानाचं बघायला हवं. लंगडी म्हणतात तुम्हाला. माझ्या राज्यात हा शब्द? ऐकवत नाही मला."

"शब्द मी रोज ओलांडते महाराज. फट ओलांडता येत नाही."

"वा," महाध्यानी म्हणाले, "काय जिद्द आहे." आणि त्यांनी ते वाक्य लिहून घ्यायला सांगितलं.

आठ दिवस विद्वान बगळ्यांची बैठक चालली. शेवटी हुकूम निघाला की आजपासून एका पायाच्या कुणालाही लंगडा, लंगडी म्हणायचं नाही. एकनिष्ठ म्हणायचं. एका पायावर ज्याची निष्ठा, तो एकनिष्ठ. हुकूम इतका कडक होता की पिल्लं लंगडी खेळत ती एकनिष्ठा खेळू लागली आणि कामावर उशिरा येणाऱ्याची लंगडी सबब एकनिष्ठ सबब झाली. पंधरा दिवसांत पिल्लं भांडताना एकमेकांना "जा रे एकनिष्ठा" म्हणायला लागली. एक नवी सून मैत्रिणींत कौतुकाने बोलून गेली, "आमचे हे अगदी एकनिष्ठ आहेत हो," तर सगळ्या जणी चुकचुकल्या आणि तिला विचारू लागल्या, "अगबाई, कधीपासून? लग्नाआधी सांगितलं नव्हतं का त्यांनी?"

या सगळ्यात पहिली पौर्णिमा होऊन गेली. ठिय्या रिकामा होता, तशी वहीत नोंद झाली.

नाव दिल्यावर सत्कार आलाच. तो तलावाकाठच्या उंच कड्यावर ठेवला, कारण तिथून सगळ्यांना दिसतं. ढवळी खाली उभी होती तोच दोन धट्ट्याकट्ट्या बगळ्यांनी तिला न विचारता दोन्ही पंखांना धरलं आणि फरपटत वर नेलं. खालचे लोक म्हणाले, तरुण पिढीत अजून माणुसकी आहे. वर तिच्या अंगावर शेवाळाची ओली शाल घातली. ती थंडगार होती आणि तिला माशांचा वास येत होता. उपाशी पोटी तो वास घेत ढवळीला दोन तास भाषणं ऐकावी लागली.

महाध्यानींचं भाषण सर्वांत सुंदर झालं. ते म्हणाले, "एकनिष्ठाबाईंकडे पाहिलं की मला माझ्या दोन पायांची लाज वाटते." एवढं म्हणून त्यांनी एक पाय पोटाशी घेतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. ते पुढे म्हणाले, "आपण छोट्या छोट्या गोष्टींची तक्रार करतो. आणि या बघा. कधी तक्रार नाही."

"आहे की," ढवळी म्हणाली. "अकरा दगडांची."

"आणि वर विनोदबुद्धी," महाध्यानी म्हणाले. पुन्हा टाळ्या झाल्या. आयांनी पिल्लांना पुढे करून दाखवलं, बघ, ती बिचारी एवढं करते, आणि तू दोन पाय असून गोगलगाय खायला कुरकुरतोस. कार्यक्रम संपल्यावर सगळे जेवायला गेले. ढवळीला खाली उतरवायची आठवण कुणाला राहिली नाही. ती पंख पसरून खाली उडत आली. वर जातानाही तिला तसंच जाता आलं असतं, कडा काही तलावाच्या बंदीत येत नव्हता. पण तिला विचारलं कुणी?

"शाल मिळाली म्हणे," गोदाक्का म्हणाली. "खायची का पांघरायची?"

"गिळायची," ढवळी म्हणाली, आणि त्या रात्री ती खरंच त्या शेवाळातले दोन किडे शोधून खाऊन झोपली.

मात्र तिच्या एका वाक्याचा परिणाम झाला म्हणायचा. चारचौघांत दगडांचा विषय निघाला होता, तेव्हा काहीतरी करणं भाग होतं. दुसरा हुकूम निघाला. राज्यातल्या प्रत्येक एकनिष्ठाला राज्यातर्फे एक एक दगड, हवा तिथे टाकायला. एकच का, अकरा का नाही, असं ढवळीने विचारलं, तर उत्तर आलं की आधी एकूण एकनिष्ठ किती ते कळू दे, मग वाढवता येईल. मोजणीचं काम करकोचे रावसाहेबांकडे दिलं. रावसाहेब जातीने करकोचा, पेशाने कारकून, आणि स्वभावाने इतके प्रामाणिक की समोर दिसेल तेच लिहीत, त्यात स्वतःची अक्कल कधी घालत नसत.

रावसाहेब मोजायला आले ते सकाळी, ऐन ध्यानाच्या वेळी. सगळे एका जागी सापडतात म्हणून तीच वेळ सोयीची. त्यांनी पहिला बगळा पाहिला. पाय एक. लिहिलं, एकनिष्ठ. दुसरा पाहिला. पाय एक. एकनिष्ठ. अशा रीतीने काठ संपेपर्यंत त्यांनी तीनशे नव्व्याण्णव नोंदी केल्या, आणि परिस्थिती इतकी गंभीर असेल याची त्यांना कल्पना नव्हती. शेवटी ढवळी होती. ती आदल्या संध्याकाळी पुन्हा वाटेवरून जमतं का बघायला गेली होती, पुन्हा रुतली होती, आणि तिचा एकुलता एक पाय ठणकत होता. म्हणून ती बसली होती. राज्यात त्या घटकेला बसलेली ती एकटीच. बसलेल्या बगळ्याचे पाय दिसत नाहीत, आणि अशा वेळी दोन गृहीत धरावेत असा नियम होता. रावसाहेबांनी लिहिलं, सुदृढ.

वही वाचून दाखवली तेव्हा सगळे एकमेकांच्या पायांकडे बघू लागले. चूक सगळ्यांच्याच लक्षात आली होती. पण मग दगड मिळणार होता, आणि फुकटचा दगड कुणाला नको असतो? एक म्हातारा म्हणाला, तसं बघितलं तर आतून आपण सगळेच एकनिष्ठ आहोत. दुसरा म्हणाला, माझा डावा पाय असून नसल्यासारखाच आहे, थंडीत दुखतो. महाध्यानींनी वहीत आपलंही नाव पाहिलं आणि नम्रपणे डोळे मिटले. दोन दिवसांत तीनशे नव्व्याण्णव दगड वाटले गेले. कुणी ध्यानाला उंच जागा केली, कुणी घरट्याला पायरी केली. वाटेत एकही पडला नाही, कारण वाटेचा त्रास त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता.

दुसरी पौर्णिमा गेली. ठिय्या रिकामा.

ढवळी नोंद दुरुस्त करायला रावसाहेबांच्या कचेरीत गेली. कचेरीला सोळा पायऱ्या होत्या, त्यांचं वर्णन करत नाही. रावसाहेबांसमोर उभी राहून ती म्हणाली, "मला एकच पाय आहे. लिहा."

रावसाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "एका पायावर उभ्या आहात, हे दिसतंय. पण एका पायावर तर सगळेच उभे राहतात बाई. दुसरा वर घेतलाय की मुळात नाही, हे आम्ही कसं समजायचं?"

"मग मी काय करू?"

"दुसरा पाय खाली टाका. टेकला नाही, तर नाही असं लिहितो."

चेष्टा करतायत का, हे ढवळीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. रावसाहेब वाईट नव्हते, टिंगलही करत नव्हते. ते खरोखरच वाट बघत होते.

"टाकला," ती म्हणाली.

"दिसला नाही."

"तेच म्हणतेय मी."

"जे दिसलं नाही त्याची नोंद करता येत नाही," रावसाहेब म्हणाले, आणि आपल्या हाती काही नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

तिथून परतताना ढवळी रडली. ती सोळाव्या पायरीवर बसून रडली, गोदाक्का तिच्यासाठी तोंडात एक छोटी मासळी धरून खाली उभी होती, आणि ती मासळी खाताना तिला आणखी रडू आलं, कारण दुसऱ्याने भरवलेलं खायची तिला सवय नव्हती. "आता काय करणार?" गोदाक्काने विचारलं. ढवळीने चोच पुसली. वहीत लिहिलंय ते खरं धरणार, असं ती म्हणाली. गोदाक्काला काही कळलं नाही, पण मैत्रिणीचा आवाज पूर्ववत फटकळ झालेला ऐकून तिला बरं वाटलं.

तिसऱ्या पौर्णिमेला दुपार कलल्यावर महाध्यानी ठिय्या ताब्यात घ्यायला निघाले. सगळं राज्य काठावर जमलं होतं. रावसाहेब उघड्या वहीत मान घालून उभे होते. सूर्य बुडताना ठिय्यावर काय दिसतं, ते त्यांना लिहायचं होतं. ढवळी वाटेच्या तोंडाशी उभी होती. ती आरडाओरडा करील म्हणून चार बगळे तयारीत ठेवले होते, पण ती बाजूला सरकली आणि अदबीने म्हणाली, "या महाराज. फक्त सांभाळून. वहीत आपला एकच पाय लिहिलाय."

महाध्यानींनी दुसरा पाय उचलून दगडावर टेकायला पुढे केला होता. तो तसाच हवेत राहिला.

"रावसाहेब," ढवळी म्हणाली, "एकनिष्ठ म्हणून दगड घेतलेल्याने दोन पाय टेकले, तर काय होतं हो?"

"वही खोटी ठरते," रावसाहेब म्हणाले. "मोजणी रद्द. सगळे दगड परत, आणि नियमाप्रमाणे, हुकमाशिवाय दगड घेतला म्हणून सगळे राज्याबाहेर." ते नेहमीसारखंच, समोर दिसेल तेवढंच बोलले.

काठावर एकदम चुळबुळ झाली आणि थांबली. बघता बघता तीनशे अठ्ठ्याण्णव डावे पाय पोटाशी गेले. मग मागून कुणीतरी काळजीच्या सुरात म्हणालं, "महाराज, पाय टेकू नका हं." दुसऱ्यानेही तेच म्हटलं. "तीन दिवस राहिला होतात आपण, एवढीशी वाट ती काय," असंही कुणी म्हणालं. इतक्या प्रेमाने प्रजा त्यांच्याशी याआधी कधी बोलली नव्हती.

महाध्यानींनी पाय वर घेतला आणि उडी मारली. पहिला दगड साधला. दुसऱ्यावर ते भेलकांडले, पंख पसरून सावरले. तिसऱ्यावर ते कसेबसे पोचले, आणि चौथा दगड समोर होता, एका ढांगेवर, म्हणजे या घडीला फार लांब. मागे फिरायचं तरी तेवढंच अंतर. दोन्ही बाजूंना गाळ. तिथे एका पायावर उभे राहून महाध्यानींनी पुष्कळ वेळ गाळाकडे पाहिलं. धुकं अजिबात नव्हतं. मग ते हळू आवाजात, कुणाकडेही न बघता म्हणाले, "मधे एक दगड टाका रे."

कुणी हललं नाही. दगड सगळ्यांकडे होते, पण टाकायचा म्हणजे आपला टाकायचा. पुढारी मंडळी नेहमीप्रमाणे इतरांना आवाहन करू लागली. तेवढ्यात महाध्यानींचा पाय निसटता निसटता राहिला, आणि आपलं सगळ्यांचंच घरदार त्या एका पायावर उभं आहे हे काठावरच्यांना कळलं. मग मात्र धावपळ झाली. धावपळ म्हणजे उड्याउड्याच. कुणी घरट्याची पायरी काढली, कुणी पायाखालचा चौथरा मोडला, आणि चोचीत दगड धरून सगळे वाटेच्या तोंडाशी आले. तिथून पुढे जायला कुणी धजेना.

"द्या इकडे," ढवळी म्हणाली. "मला सवय आहे."

तिने पहिला दगड घेतला तो पहिल्या फटीत टाकला. दुसरा दुसऱ्या फटीत. तिच्या पोचण्यापुरती वाट आधी झाली पाहिजे, यावर कुणाला हरकत घेता आली नाही. मग ती टुणटुण मागे येई, दगड घेई, पुढे जाऊन महाध्यानींच्या चोचीत देई, आणि महाध्यानी तो स्वतः वाकून, एका पायावर डगमगत, पुढच्या फटीत ठेवत. एकदा त्यांनी दगड जरा लांब ठेवला. "अलीकडे घ्या," ढवळी मागून म्हणाली, "उडीच्या मापाने." त्यांनी अलीकडे घेतला. घाम येत असता तर त्यांना घाम आला असता. अकरावा दगड बसला तेव्हा सूर्य ओढ्यापलीकडच्या बाभळीला टेकला होता.

महाध्यानी ठिय्यावर चढले आणि त्यांच्या मागोमाग ढवळी. जागा एकाच बगळ्यापुरती होती. तिने नेहमीच्या खळग्यात पाय रोवला, मान वाकवली आणि पाण्यात बघू लागली. तीन महिन्यांनी ती इथे उभी होती. पाण्याखालून ओढ्याचे मासे येत होते, तसेच, रोजच्यासारखे. तिने मान हलू दिली नाही, कारण मासे बुजतात.

शेजारी महाध्यानींचा पाय थरथरत होता. दुसरा टेकायची सोय नव्हती, काठावरून आठशे डोळे बघत होते.

"बाई," ते कुजबुजले, "मी पडणार."

"टेका," ढवळी म्हणाली.

"पाय?"

"पाय कशाला? खांदा टेका. आणि बोलू नका, मासा येतोय."

महाध्यानींनी आपलं सगळं वजन तिच्या अंगावर टाकलं. तिने मान न उचलता एक बोट इकडेतिकडे सरकवून ते पेललं. सूर्य बरोबर त्यांच्या पाठीमागे होता, आणि काठावरून नुसती एकच काळी आकृती दिसत होती. रावसाहेबांनी डोळे बारीक करून नीट पाहिलं, दिसलं तेच लिहायचं या बेताने दोनदा मोजलं, आणि वहीत नोंद केली: ठिय्या रिकामा नाही. मालकी पूर्ववत. बगळा एक. पाय दोन. सुदृढ.